बस म्हणेपर्यंत

वर्ध्याच्या बाजारात ज्या मॅचिंग सेंटरमध्ये उज्वला कामाला आहे, तिथले सगळे तिला डावखुरी समजतात. वरच्या फळीवरचं ठाण ती डाव्या हातानं ओढते, काउंटरवर डाव्या हातानं पसरते, कात्रीसुद्धा डाव्या हातानं चालवते. उजवा हात कोपरापासून अंगाला चिकटलेला असतो. मालक गिऱ्हाइकांसमोर गमतीनं म्हणतो, "आमच्या उज्वलाचं सगळं कामच डाव्या हातचा मळ." गिऱ्हाइकं हसतात, उज्वलाही हसते. मी तिथे अस्तर घ्यायला गेलेली असले तर मला मात्र हसू येत नाही. ही पोरगी जन्माची उजवी आहे. शाळेत असताना माझ्या दुकानात बसून कापडावर खडूनं फुलं काढायची, ती उजव्याच हातानं.

मी छाया. नालवाडीत रस्त्याला लागून माझी एक खोली आहे, तिथे मी बायकांचे कपडे शिवते. माझी जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते असं गिऱ्हाइकं म्हणतात, आणि लग्नसराई आली की तीच गिऱ्हाइकं माझ्या पायरीवर येऊन बसतात. मला त्याचं काही वाटत नाही. बायका माझ्याशी भांडतात आणि पडद्याआड गेल्या की खरं बोलतात. माप घेताना फार काळ खोटं बोलता येत नाही.

उज्वला अकरावीत गेली त्या वर्षी तिची आई मनकर्णाबाई तिला घेऊन माझ्याकडे आली. आमच्या मागच्याच गल्लीत त्यांचं घर. घरामागे वाडी, त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कडेला चवळीचे वेल. नवरा मनोहरराव लवकर गेले. मायलेकींनीच वाडी सांभाळली. मनकर्णाबाईनं आल्याआल्या पडदा ओढून घेतला.

"छाया, इचं उजवं आंग भरलंच नाई," ती म्हणाली. "डावं भरलं, उजवं तसंच राह्यलं. तेल लावून चोळलं, मेथीचे लाडू चारले, काई फरक नाई. आता कॉलेजात जाईन पोरगी. ड्रेसले आतून खिसा करून दे."

पोरगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी माप घेतलं. सोळा वर्षांच्या पोरीची छातीची डावी बाजू जशी असावी तशी होती. उजवीकडे काहीच नव्हतं, खाली एक जुना बारीक व्रण तेवढा होता. मी जन्मात पहिल्यांदाच मुकाट्यानं काम केलं.

त्या खिशात घालायची गादी मनकर्णाबाई स्वतः करायची. बाजारातल्या कापसाचे गोळे होतात म्हणून वाडीच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, तिनं कपाशीची चार झाडं लावली होती. त्यांचा कापूस वेचायचा, एकेक सरकी बोटांनी काढायची, पुन्हा पुन्हा पिंजायचा आणि जुन्या लुगड्याच्या मऊ कापडात पदर पदर रचायचा. इतकी छान गादी मला जमली नसती. पण कापसाची गादी ती कापसाचीच. हात वर केला की वर चढायची. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाचताना सगळ्या पोरींनी हात वर केले, हिनंही केले. गादी पार गळ्याजवळ आली. पुढच्या रांगेतली एक पोरगी तोंडावर ओढणी धरून हसली, बस एवढंच झालं. त्या दिवसापासून उज्वलानं उजवा हात खांद्याच्या वर नेला नाही. लिहिण्यापुरता तो उजवा राहिला, बाकी सगळं तिनं डाव्याला शिकवलं.

तिला पाहायला स्थळं आली. चांगली आली. सेलूकडचा एक शेतकरी मुलगा तर मलाही पसंत होता. उज्वलानं सगळ्यांना नाही म्हटलं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोरीला गर्व आहे. गर्व! मला असा संताप यायचा की त्यांचे ब्लाऊज मी मुद्दाम उशिरा द्यायची.

आता मनकर्णाबाईच्या हातांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या हातांवरच आलं. नालवाडीत कुणाची उसण भरली, मान अवघडली, पाय मुरगळला की माणसं तिच्याकडे यायची. बाळंतिणीचं अंग चोळायला आणि बाळाला न्हाऊ घालायला तर तीच लागायची. मुलगी झाली असली तर बाळाच्या छातीतली बारीक गाठ चिमटीत दाबून दूध काढायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. तेही तीच करायची. पैसे मागायची नाही. कुणी साडी दिली तर घ्यायची, नाही दिली तर दुसऱ्या दिवशीही यायची.

तिच्या शेकाची रीत ठरलेली होती. तव्यावर मीठ तापवायचं, फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहायची आणि मग दुखऱ्या जागी धरायची. "सोसवते तोवर सोस, मंग बस म्हनजो," असं ती सांगायची. माणूस बस म्हणेपर्यंत शेक द्यायचा. कुणाला किती उष्णता हवी हे ज्याचं त्यालाच कळतं, असं तिचं म्हणणं. आणि खरंच, इतक्या वर्षांत तिच्या हातून कुणाला साधा चटका बसला नव्हता. मी स्वतः कंबर धरून तिच्यापुढे किती वेळा पालथी पडले असेन. बस म्हटलं की हात उचललाच.

उज्वला तिशी ओलांडून गेली आणि एका दुपारी दुकानात येऊन पडदा ओढून बसली. मला वाटलं माप द्यायचंय. तिनं मोबाइल पुढे केला.

"काकू, नागपूरले ऑपरेशन होते याचं. आतमंधी सिलिकॉनची पिशवी बसवते. मंग दोन्ही बाजू सारख्या दिसते."

"तुले कोनासाठी पायजे सारख्या?" मी विचारलं. माझी सवयच वाईट.

"कोनासाठी नाई." तिनं मोबाइल बंद केला. "मले एक डाव दोन्ही हात वर करून चारचौघात वेनी घालाची आहे."

मी दुकान बंद केलं आणि पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर नागपूरच्या बसमध्ये बसले.

डॉक्टर बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी तपासताना तो व्रण पाहिला आणि विचारलं, लहानपणी इथे काही पिकलं होतं का? उज्वलाला आठवणं शक्य नव्हतं. पण मला ठाऊक होतं. मनकर्णाबाईनं ती गोष्ट आम्हाला हजार वेळा सांगितली होती. बारशाच्या आधीच पोरीची उजवी छाती लाल झाली, पू झाला, ताप चढला. लोक म्हणाले, जगत नाही ही. मग मनकर्णाबाईनं तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही आणि मरणाच्या दारातून ओढून काढलं. हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, बाळाची छाती दाबून दूध काढायचे का तुमच्याकडे?

मी हो म्हटलं. म्हटलं आणि मलाच कळलं की मी काय बोलून बसले.

डॉक्टर म्हणाल्या, "ती गाठ आपोआप जाते. दाबली तर कधी कधी पू होतो, आणि पुढे जी वाढायची तीच गाठ नष्ट होते. आज खात्रीनं सांगता येणार नाही, पण बहुधा तसंच झालं असावं."

परतीच्या बसमध्ये उज्वला खिडकीकडे पाहत बसली. सेलू आलं, माणसं उतरली, चढली, बस पुन्हा निघाली, तेव्हा ती बोलली.

"काकू, आईले हे कधीच नाई सांगाचं. तिनं मले वाचवलं असं समजते ते. आयुष्यभर तेवढी एकच गोष्ट अभिमानानं सांगते बिचारी."

"आनं ऑपरेशन?"

"गाठ काढाची आहे म्हनू. पिशवी बसवतो म्हनलं त विचारन, मंग उजवं काऊन नाई भरलं हे डॉक्टरीन काय म्हनली. मले तिच्यापुढं खोटं टिकवता नाई येत."

खोटं टिकवता येत नाही म्हणून त्याहून मोठं खोटं सांगायचं, असं आमचं ठरलं. तेव्हा ते मला शहाणपणाचंच वाटलं.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना सगळं नीट समजावलं. उजवा हात खांद्यावर न्यायचा नाही, वजन उचलायचं नाही, पट्टा लावून ठेवायचा. जागा काही महिने बधिर राहील, म्हणून तिथे चोळायचं नाही आणि शेक अजिबात द्यायचा नाही. पहिले काही दिवस ती बाजू वर चढलेली दिसेल, घाबरायचं नाही. हळूहळू येईल खाली.

येईल खाली. त्या हिवाळ्यात मी हे दोन शब्द इतक्या वेळा ऐकले की झोपेतही ऐकू यायचे. कारण पट्टा सोडून उज्वलानं पहिल्यांदा आरशात पाहिलं आणि ती घाबरलीच. बाजू भरली होती, पण बसली होती पार वर. डावी आपल्या जागी आणि उजवी गळपट्टीजवळ फुगलेली, जशी ती गॅदरिंगमधली गादी.

रोज दुपारी ती माझ्याकडे यायची, पडदा ओढायची. "काकू, टेप लावा."

मी खांद्यापासून टेप सोडायची. ब्लाऊजचे टक्स कुठे घ्यायचे हे पाहायला आम्ही तसंच माप घेतो. डावीकडे एक यायचं, उजवीकडे भलतंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"आली का खाली?"

"एका रात्रीत काय येईन, बाई? वांगं आहे का ते, सकाळी पाह्यलं की वाढलेलं?"

ती हसायची नाही. डॉक्टरांना फोन करायची. त्या म्हणायच्या, वेळ द्या, येईल खाली. फोन ठेवला की मला विचारायची, "त्यायचा आवाज बदलल्यासारखा नाई वाटला?" रात्री मोबाइलवर कुठल्या कुठल्या बायकांचं वाचायची. कुणाचं खाली आलं, कुणाचं आलंच नाही. एक दिवस मी वैतागून टेप गुंडाळून पेटीत टाकला आणि म्हटलं, आता होळीपर्यंत माप नाही. ती ओढणी सारखी करून निघून गेली. मला वाटलं, बरं झालं, थोडं विसरेल.

घरात मनकर्णाबाई वेगळीच झुरत होती. सगळ्या गल्लीचं दुखणं जिच्या हातांनी काढलं, तिची स्वतःची पोर ऑपरेशन करून आली आणि आईला अंगाला हात लावू देईना. जखम पाहू देईना. पट्टा बदलायचा तर दार लावून घेई. मनकर्णाबाई वाडीतली भाजी घेऊन माझ्याकडे यायची आणि मशीनजवळ बसून विचारायची, "छाया, गाठ साधीच होती ना? मले लपवून त नाई राह्यल्या तुम्ही?" तिला वाटत होतं कॅन्सर आहे. मी शपथ घेऊन सांगितलं, नाही. तेवढं तरी खरं होतं.

पुढचं मला दोघींनी सांगितलं, वेगवेगळं, आणि ते तंतोतंत जुळलं.

थंडीची सकाळ होती. उज्वला आरशापुढे उभी राहून रडत होती. आई पाणी तापवून दारात आली तेव्हा तिनं दार लावलेलं नव्हतं. मनकर्णाबाईनं पाहिलं. एवढ्या वर्षांनी पोरीची उजवी बाजू भरलेली आणि वर चढलेली. तिला वाटलं सूज आहे.

"काऊन रडून राह्यली, बाई? दुखते का?"

"नाई दुखत, आई. पन हे वर चढून बसलं आहे. खालीच येऊन नाई राह्यलं."

हे ऐकलं आणि मनकर्णाबाईचा जीव भांड्यात पडला. चढलेलं उतरवणं हेच तर तिला येत होतं. नस चढली, गोळा चढला, तिनं कुणाकुणाचं काय काय उतरवलं होतं. "एवढंच ना? चढलं असंन त उतरवतो मी. रड नोको."

उज्वलानं सांगायला हवं होतं की शेक द्यायचा नाही. तिला ते पाठ होतं. मी तिला नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, आईचा चेहरा इतका खूश दिसला मले. आनं मले बी वाटलं, काय सांगता येते, उतरन बी." तिच्या जागी मी असते तर मीही नाही म्हटलं नसतं. ज्याची आस लागलेली असते त्याच्यासाठी माणूस कुणाच्याही हातात अंग देतो. इथे तर आईचे हात होते.

मनकर्णाबाईनं तव्यावर मीठ तापवलं. पुरचुंडी बांधली, मनगटावर टेकवली. मग वरून खाली, वरून खाली शेकत राहिली.

"चटका बसते?"

"नाई."

"अजून गरम करू?"

"कर."

पुन्हा मीठ तापलं, पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. मनकर्णाबाई मनात म्हणाली, सूज जुनी आहे, आतपर्यंत ऊब जात नाही. ती वाट पाहत होती बस म्हणण्याची. उज्वला डोळे मिटून पडली होती. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं. कातडी भाजत होती आणि तिला पत्ताच नव्हता, कारण तिथे तिला काही कळतच नव्हतं.

तिनं बस म्हटलंच नाही.

संध्याकाळपर्यंत फोड आला. दोन दिवस उज्वलानं तो लपवला, आईपासूनही आणि माझ्यापासूनही. मग ताप चढला आणि कपड्याला ओल लागली. मी गाडी बोलावली. मनकर्णाबाई न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसली.

नागपूरला डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांचा तो शांत चेहरा उतरला. "शेक कुणी दिला?"

"मी देला," मनकर्णाबाई पुढे होऊन म्हणाली. "बस म्हनत नव्हती ते, म्हनून मी देत गेलो."

"त्यांना तिथे काही जाणवतच नव्हतं, आई," डॉक्टर म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "संसर्ग आतपर्यंत गेला आहे. बसवलेलं काढावं लागेल."

"काय बसवलं?"

डॉक्टरांनी उज्वलाकडे पाहिलं. शेवटी उज्वलाच बोलली. गाठ नव्हती, उजवी बाजू डावीसारखी करायला पिशवी बसवली होती, असं तिनं आईला पलंगावर पडल्यापडल्या सांगितलं. एवढंच सांगितलं. डॉक्टरांकडे अशा नजरेनं पाहिलं की त्याही पुढचं बोलल्या नाहीत. मनकर्णाबाईनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. परत वर्ध्याला येईपर्यंत ते हात मी बाहेर पाहिले नाहीत.

पिशवी काढली. जखम भरली, पण कातडी आवळून आली. डॉक्टर म्हणाल्या, वर्षभरानं पुन्हा पाहू, काही तरी करता येईल. निघताना त्यांनी एक सांगितलं, ते मला अजून सलतं. फोड यायच्या आधी उज्वलानं पाठवलेले फोटो त्यांनी आता एकामागोमाग ठेवून पाहिले होते. बाजू खाली यायला लागली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर जागेवर आली असती. मी टेप पेटीत टाकला नसता तर तिला ते दिसलं असतं की नाही, देव जाणे.

उज्वला पुन्हा मॅचिंग सेंटरला जायला लागली. मी म्हटलं, वर्षभरानं जाऊ आपण. ती म्हणाली, "नाई काकू. माह्यात आता तेवढी आस नाई उरली." मोठ्यानं रडली असती तर मी समजूत काढली असती. ती साध्या आवाजात बोलली आणि मलाच रडू आलं.

मनकर्णाबाईनं शेक बंद केला. कुणी कंबर धरून आलं की दारातूनच सांगायची, "माह्यानं नाई होत आता." लोकांना वाटलं, बाई थकली.

उन्हाळ्यात समोरच्या शोभाबाईची सून अंकिता बाळंत झाली. मुलगी झाली. शोभाबाई दोन दिवस मनकर्णाबाईच्या दारात बसून राहिली. शेवटी मनकर्णाबाई म्हणाली, शेक नाही देणार, चोळणार नाही, फक्त बाळाला न्हाऊ घालीन. रविवार होता. मी बाळाला झबली शिवली होती ती घेऊन गेले. उज्वलाही सुटी म्हणून आली होती. न्हाणीच्या दाराशी आम्ही दोघी उभ्या होतो.

मनकर्णाबाईनं पाय लांब करून त्यावर बाळाला घेतलं. किती महिन्यांनी तिचे हात पुन्हा कामाला लागले होते. बाळाचे हातपाय, पाठ, टाळू, सगळं तिनं अशा मायेनं चोळलं की पाहत राहावं. शोभाबाई कौतुकानं म्हणाली, "पोरगी हाय, छातीतली गाठ बी काढून दे बाई." मनकर्णाबाईनं बाळाला उताणं केलं आणि चिमूट छातीकडे नेली.

मी उज्वलाकडे पाहिलं. ती त्या चिमटीकडेच पाहत होती. जे तिनं एवढं जपलं, ज्यापायी तिनं गाठ आहे म्हणून खोटं सांगितलं आणि स्वतःचं अंग घालवलं, ते आईचं समाधान अजूनही शाबूत होतं. गप्प राहिली असती तर कायम शाबूत राहिलं असतं.

"आई, थांब!"

मनकर्णाबाईचा हात थांबला. "काऊन?"

"तिच्या छातीले हात नोको लावजो."

"अवो, जरासं दूध काढतो. नाई त पिकते ते. तुह्या वख्ती बी मीच काढल..."

वाक्य तिथेच राहिलं. मनकर्णाबाईनं मान वर करून पोरीकडे पाहिलं. आधी तिच्या तोंडाकडे, मग ओढणीखालच्या उजव्या बाजूकडे. उज्वलानं नजर खाली घातली. दुसरं काहीच बोलायची गरज पडली नाही.

शोभाबाईला यातलं काही कळलं नाही. मनकर्णाबाईनं बाळावर पाणी घातलं, हळूच पुसलं, दुपट्यात गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं. "इच्या छातीले कोनीच हात नाई लावाचा," ती म्हणाली. "आपोआप जाते ते. कोनी दाबतो म्हनलं त मले सांगजो." तिचा आवाज इतका करडा होता की शोभाबाई नुसतं हो म्हणाली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. कूलरचा आवाज चालू होता. मनकर्णाबाई चटईवर बसली होती. तिच्यापुढे मागच्या हंगामातला कापूस पसरलेला होता आणि ती सरकी काढत होती.

"डॉक्टरीन म्हनलीती का तसं?" तिनं माझ्याकडे न पाहता विचारलं.

मी म्हटलं, "खात्री नाई म्हने."

"तू खोटं नोको बोलू, छाया. तुले जमत नाई." तिनं एक सरकी बाजूला ठेवली. "पह्यल्या डाव बी मीच, आनं आता बी मीच. मी लोकायले सांगत फिरलो, पोरीले वाचवलं म्हनून."

मला असा राग आला होता, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. जिनं तिला शिकवलं ती तिची आजी, आजीला शिकवणारी आणखी कुणी. सगळ्या मायेनंच करत आलेल्या.

उज्वला आतून आली. जुनी गादी धुऊन धुऊन चपटी झाली होती, म्हणून मनकर्णाबाईनं नवी केली होती. पदर पदर रचलेली, कडेनं टाचलेली. नेहमीसारखीच सुरेख. ती तिनं माझ्यापुढे धरली. "छाया, तू लावून पाह्य."

"नाई," उज्वला म्हणाली. "आई, तूच लाव."

मनकर्णाबाई उठली. ड्रेसच्या आतल्या खिशात तिनं गादी सरकवली आणि वरून नुसती बोटांची टोकं टेकवून ती डावीच्या बरोबरीला आणली. तेवढ्यात तिचा हात त्या आवळलेल्या कातडीवर आला.

"दुखते का?"

"नाई," उज्वला म्हणाली.

तो शब्द ऐकला आणि मनकर्णाबाईनं चटका बसावा तसा हात मागे घेतला.